चांदीच्या चिखलाचे वाळे

भट्टीत ठेवला तेव्हा वाळा आतून बत्तीस मिलिमीटर होता. बाहेर काढला तेव्हा भरला अठ्ठावीस. मधल्या वेळात त्याला कुणी हात लावला नव्हता, चांदी वितळली नव्हती, आणि आमच्या एवढ्याशा घरात चोर शिरायला जागाच नाही. मग चार मिलिमीटर गेले कुठे? हे कोडं माझ्या नातीने, चारूने, मला घातलं, आणि तेही मी पार दमलेलो असताना.

दमलो होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे खेकसलो तर समजून घ्याल. माझं वय चौऱ्याहत्तर. कुपवाडच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं मी धातूची भुकटी साच्यात दाबून, भाजून, तिचे यंत्रांसाठी सुटे भाग करत होतो. यंदा माझ्या लेकीला, चारूच्या आईला, शर्वरीला, दुसरं बाळ झालं आणि ते दोन महिने आधीच आलं. मिरजेच्या इस्पितळात त्याला काचेच्या उबदार पेटीत ठेवून एकेचाळीस दिवस झाले होते. जावई समुद्रातल्या पवनचक्क्यांवर नोकरीला, महिन्यातून एकदा घरी. तेव्हा सकाळचा डबा मी, दुपारची पाळी मी, आणि बाकी सगळा दिवस शर्वरी. ती घरी आली की चपला न काढताच खुर्चीत बसायची. काढायला वाकावं लागतं ना, तेवढंही त्राण तिच्यात उरलेलं नसे.

गुरुवारी बाळाला बहुतेक घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते. चारूने तेवढंच धरून ठेवलं. बाळ घरात येईल ते तिने स्वतःच्या हाताने केलेले वाळे घालूनच. आणि चांदी कुठली? तर तिच्या गेलेल्या आजीची, माझ्या इंदूची, जोडवी. ती डबीतून काढून देताना माझा हात जड झाला, खोटं कशाला बोलू? पण दिली. चांदी तेवढीच होती, त्यामुळे संधीही एकच.

आमच्या नगर वाचनालयात पुस्तकांसारखी अवजारंही वापरायला मिळतात. तिथल्या यंत्राने जोडवी वितळवली आणि वितळलेल्या धारेवर जोराचा फवारा मारून तिचे बारीक बारीक थेंब केले. ते थिजले की झाली भुकटी, पिठीसाखरेहून मऊ. त्या भुकटीत आम्ही बंधक (कण एकत्र धरून ठेवणारा, डिंकासारखा पदार्थ) आणि थोडं पाणी घालून मळलं. झाला चांदीचा चिखल. करड्या रंगाचा, कणकेसारखा मऊ. चारूने त्याच्या वळ्या वळल्या, टोकं पाण्याच्या बोटाने जोडून दोन गोल वाळे केले आणि काडीने त्यांवर बारीक पानं कोरली. उरल्यासुरल्या चिखलाची एक पट्टी केली.

मापात अडचण नव्हती. इस्पितळातली पेटी रोज सकाळी बाळाचं वजन, डोक्याचा घेर, हाताची जाडी असं सगळं आमच्या भिंतीवरच्या पडद्यावर लिहून पाठवायची. हातातून सहज जाईल असा वाळा हवा तर आतून बत्तीस मिलिमीटर, असं चारूने काढलं. मी मान डोलावली. आता सांगतो, ती मान मी डोलवायला नको होती.

दोन दिवस वाळे वाळवले. आत पाणी राहिलं तर भट्टीत त्याची वाफ होते आणि वाळा फुटतो. वाळल्यावर वजन केलं, दोन्ही मिळून वीस ग्रॅम. मग दुपारी वाचनालयातून आणलेली छोटी भट्टी घरीच लावली, आणि आत वाळ्यांशेजारी ती पट्टीही ठेवली. चांदी वितळते नऊशे एकसष्ट अंशांच्या पुढे. आम्ही भट्टी ठेवली नऊशेवर.

चारूने लगेच विचारलं की वितळतच नाही, तर भुकटी एकजीव होते कशी? मी तिला फ्रीजमधला बर्फाचा डबा आणायला लावला. आठवडाभर पडून राहिलेले बर्फाचे खडे एकमेकांना चिकटले होते. ते वितळले नव्हते, कुणी दाबलेही नव्हते. एकाला एक टेकून नुसते राहिले होते. धातूच्या कणांचंही तसंच. पुरेशी ऊब मिळाली की जिथे दोन कण टेकलेत तिथले अणू जागचे हलू लागतात, इकडून तिकडे सरकतात, आणि टेकलेल्या जागी एक बारीक मान तयार होते. ती मान हळूहळू जाड होत जाते. याला म्हणतात सिंटरिंग (न वितळवता, नुसत्या उष्णतेने कण जोडले जाणं). बंधक तेवढ्यात जळून जातो, पण आकार राहतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं.

"आणि मान जाड व्हायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"दोन तास."

भट्टीने नऊशे गाठले आणि ती बोलली, कारण हल्लीच्या भट्ट्या बोलतात. तापमान झालं, काढायचं का? मी भट्टीला म्हटलं, उघड बाई दार. मला इस्पितळात जायचं होतं, पाठ दुखत होती, चहा निवला होता. चिमट्याने मी पट्टी बाहेर काढलीसुद्धा. पण वाळ्यांकडे वळलो तर चारू भट्टीसमोर उभी. दोन तास म्हणालात ना आबा, मग दोन तासच. मी खेकसलो की पट्टी बघ, झालीच आहे. ती हलली नाही. पस्तीस वर्षं जे मी दुसऱ्यांना शिकवलं, ते अकरा वर्षांच्या पोरीने मला ऐकवलं. मुकाट्याने खुर्चीत बसलो. शर्वरीला फोन करून सांगितलं की आज दुपारी तूच थांब.

दोन तास झाले, वाळे निवले. चुन्यासारखे पांढरे निघाले, पितळी ब्रशने घासले तशी खाली चांदी चमकली. चारू हसली आणि तिने माप घेतलं. अठ्ठावीस.

कारखान्यात प्रत्येक साचा आम्ही मोठा करायचो, कारण भाजल्यावर माल आकसतो. हे मला झोपेतही ठाऊक होतं, आणि जागेपणी विसरलो. चारू रडली, आवाज न करता, आणि ते मला जास्त लागलं. मी तिला सांगितलं की चूक माझी आहे, तुझी नाही.

डोळे पुसून तिने वाळे काट्यावर ठेवले, कारण तिचा स्वभावच तसा. एकोणीस ग्रॅम. एक ग्रॅम बंधक जळाला होता. मग तिने वहीत आकारमान काढलं. लांबी, रुंदी, जाडी, सगळंच आठवा हिस्सा कमी, म्हणजे एकूण आकार जवळजवळ एक तृतीयांश कमी. वजन विसावा भाग गेलं आणि आकार तिसरा भाग? बराच वेळ पेन्सिल चावून ती म्हणाली, "आबा, चांदी गेलीच नाही. कणांच्या मधली रिकामी जागा गेली."

अगदी बरोबर. डब्यात मोहरी भरली तरी दाण्यांमध्ये फटी राहतात. कणांच्या माना जाड होतात तसे कण जवळ ओढले जातात आणि त्या फटी मिटतात. म्हणून वाळा लहान होतो आणि म्हणूनच मजबूत होतो. कोडं सुटलं, पण वाळे बाळाच्या हातात जाणार नव्हते ते नव्हतेच.

संध्याकाळी शर्वरी आली. चपलांसकट खुर्चीत बसली. डॉक्टर आता म्हणत होते, अजून आठ दिवस. बाळ दूध पिता पिता दमतं, मधेच श्वास विसरतं. बाहेरून छान दिसतंय, पण आत अजून तयार नाही. तिच्या मोबाइलवर एक अर्ज उघडा होता, स्वतःच्या जबाबदारीवर बाळाला घरी नेण्याचा. त्यावर अंगठा टेकवायचा, एवढंच बाकी होतं. "मला आता नाही होत, आबा," ती म्हणाली. "उद्या घेऊन येते त्याला."

लेकीला काय सांगणार? तिचे हाल मी रोज बघत होतो. पी हळद हो गोरी असं होत नाही, हे तोंडाने म्हणणं सोपं. मी आपला वाळे उचलून बसलो, आणि वाळे हातात फिरवताना एक गोष्ट आठवली. आमच्या लहानपणीचे वाळे बंद नसायचेच. त्यांना तोंड असायचं, दोन टोकांमध्ये फट. सोनाराला ठाऊक असायचं की चांदी वाढत नाही आणि पोर वाढतं.

मी बारीक करवतीने एक वाळा कापला आणि टोकं कानशीने गोल केली. आता तो वाकवून उघडायचा होता. चारू घाबरली. मोडला तर? मी म्हटलं, आधी ती पट्टी वाकव. दुपारी मी घाईने काढलेली तीच. घासल्यावर तीही वाळ्यासारखीच चमकत होती, शेजारी ठेवली तर फरक ओळखू आला नसता. चारूने ती दोन बोटांत धरून जरा वाकवली आणि तिचे काटकन दोन तुकडे झाले.

मग तिने वाळा लाटण्याच्या मुठीवर चढवला आणि हळूहळू ओढला. वाळा वाकला. आणखी ओढला, आणखी वाकला. बोटभर फट पडली, आत बत्तीस मिलिमीटर झाले, आणि कुठे बारीकशी रेघही उमटली नाही.

शर्वरी बघत होती. तिने पट्टीचे तुकडे उचलले आणि विचारलं, दोन्ही एकाच चांदीचे ना? चारू म्हणाली हो, एकाच चांदीचे, एकाच भट्टीतले. ही पट्टी आबांनी लवकर काढली. हिच्या माना बारीकच राहिल्या.

शर्वरीने ते तुकडे तळहातावर एकमेकांना जुळवून पाहिले. मग तिने मोबाइल पालथा ठेवला.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आणखी आठ दिवस."

मला वाटलं होतं ती रडेल. पण ती बसल्या जागी झोपली, आणि चारूने तिच्या पायांतल्या चपला काढल्या.

आठाचे दहा दिवस झाले. अकराव्या दिवशी बाळ घरी आलं, दोन किलो चारशे ग्रॅम, आणि भुकेने घर डोक्यावर घेत. दुसरा वाळाही आम्ही तसाच कापून उघडला होता. दोन्ही त्याच्या हातांत बसले. चारू दर रविवारी वाळ्याच्या तोंडाची फट मोजते आणि वहीत लिहिते. गेल्या रविवारी तिला वाळा आणखी अर्धा मिलिमीटर उघडावा लागला. त्याखाली तिने पुढच्या वर्षीच्या वाळ्यांचं माप मांडून ठेवलंय, आकसण्याचा हिस्सा धरून. मी तपासलं, बरोबर आहे. मग चहा घेतला, गरम होता तोवरच.