शेवटच्या बेडची प्रत

हॉस्पिटलात तिला सगळे 'साचेवाली' म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव आवडायचं.

तिचं काम नेटवर्कचं. प्रत्येक वॉर्डातल्या कपाटात एक छोटा सर्व्हर असतो. पेशंटच्या उशाशी लावलेल्या मॉनिटरवरचे ठोके तो गोळा करतो आणि सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर पाठवतो. आपले बेड कुठले, ठोके कुठं धाडायचे, बिघाड झाला तर कुणाला हाक मारायची, हे त्या सर्व्हरला एका कॉन्फिगरेशन फाइलमधून कळतं. पूर्वी या फायली हातानं लिहायचे. एक आकडा चुकला की एका वॉर्डातला पेशंट दुसऱ्याच वॉर्डाच्या पडद्यावर धडधडायचा. हिनं आल्या आल्या तो कारभार बंद पाडला आणि एक प्रोग्राम लिहिला. त्यात वॉर्डाचा एक साचा आणि बेडचा एक. त्या धंद्यात साच्याला क्लास म्हणतात, आणि साच्यातून पाडलेल्या एकेका वॉर्डाला, एकेका बेडला ऑब्जेक्ट. ऑब्जेक्ट पाडायचे, बटण दाबायचं, सगळ्या फायली आपोआप तयार. कुणी आयती नक्कल मारताना दिसला की ही त्याला फैलावर घ्यायची. जे पाडायचं ते साच्यातूनच, नव्यानं. या बाबतीत ती फार नाकानं कांदे सोलायची, आणि चूक केली ती नेमकी तिनंच.

झालं असं, की नवा वॉर्ड सुरू होणार होता आणि त्यात पहिली पेशंट तिचीच आई. हृदयाची छोटीशी शस्त्रक्रिया नीट पार पडली होती. आता दोन-चार दिवस देखरेख, मग घर. दिवस सुट्टीचा होता. सर्व्हरच्या खोलीत ती एकटी. त्या खोलीला खिडकी नाही, पंख्यांची एकसुरी घरघर चोवीस तास, आणि असा गारठा की चहा कपात ओतेपर्यंत निवतो. बेड एकेक करून पाडायचा म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, आणि आईची ट्रॉली तर लिफ्टपाशी येऊन थांबलेली. मागच्या इमारतीतला एक वॉर्ड मध्यंतरी बंद झाला होता. तेवढ्याच बेडचा, तसाच. तिनं प्रोग्राममधून तो वॉर्ड उचलला, त्याची प्रत काढली, वरचं नाव बदललं आणि बटण दाबलं. फायली तयार झाल्या, सर्व्हर सुरू झाला, आई शेवटच्या बेडवर जाऊन पडली. एवढ्याशा गोष्टीनं काय आकाश कोसळतंय, असं म्हणून ती मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी आई कुरकुरायला लागली. आईचा स्वभाव मुळात थट्टेखोर. म्हणाली, इथं सगळं छान आहे गं, पण कुणीतरी सारखं 'सरक, सरक' म्हणतंय. किती सरकू? पलीकडे कठडा आहे. आणि पाय किती गार आहेत गं तिचे! साचेवालीनं हसून पांघरूण सारखं केलं. औषधांनी होतं असं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

पण पांघरुणाखाली आई खरंच अगदी कडेला सरकून झोपली होती.

तेवढ्यात मोठ्या सिस्टरनं तिला टेबलापाशी बोलावलं. ही बाई इतकी वर्षं वॉर्डात काढलेली, की घाबरणं वगैरे तिच्या गावीही नव्हतं. पडद्यावर आईच्या बेडची ओळ नीट चालली होती. तिच्या खाली आणखी एक ओळ होती, मागच्या इमारतीतल्या बंद वॉर्डाची, शेवटचा बेड. दोन्ही ओळींत ठोका एकदमच उमटत होता, एकसारखा.

साचेवालीनं कपाळावर हात मारून घेतला. तिनं सिस्टरला समजावलं, की वॉर्डाची प्रत काढली तरी त्याच्या पोटातले बेड नवे होत नाहीत, तेच राहतात. खोली एक आणि दारं दोन, तसं. आम्हा लोकांची ही अगदी नेहमीची चूक. आत्ता निस्तरते.

तिनं बसून शेवटपर्यंत सगळे बेड साच्यातून नव्यानं पाडले, मुकाट्यानं, एकेक. फायली पुन्हा काढल्या. आता जुन्या वॉर्डाचा नव्याशी काही संबंध उरला नाही. पडद्यावर आईची ओळ स्वतंत्र धावू लागली. जुनी ओळ आता सपाट व्हायला हवी होती.

ती झाली नाही. तिच्यात वेगळा ठोका उमटायला लागला. मंद. मधेच थांबायचा, आणि आता संपला म्हणेपर्यंत पुन्हा यायचा.

"तिकडं मॉनिटर राहिलाय का एखादा?" तिनं विचारलं.

सिस्टर किल्ली घेऊन उठली. भरदुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, पण त्या बंद वॉर्डात काचांवर कागद चिकटवलेले, त्यामुळे आत नुसता पिवळट अंधार. फिनाइलचा जुना वास. गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. शेवटच्या बेडजवळ भिंतीतून तारांची कापलेली टोकं लोंबत होती, बस्स. यंत्र नाही, सर्व्हर नाही. आणि त्या एकाच बेडवरची गादी पसरलेली होती.

सिस्टरनं तिला हलक्या आवाजात सांगितलं ते असं. या बेडवर एक बाई होती. तिला भेटायला कधी कुणी आलं नाही. रक्तदाब बघायला जाणाऱ्याचा हात ती धरून ठेवायची, एकेक बोट सोडवावं लागायचं. वॉर्ड हलवायचा ठरला, तेव्हा एकेकाला नव्या इमारतीत नेलं. हिची पाळी शेवटची. मला पण न्या, मला पण न्या, एवढंच म्हणत होती. ट्रॉली यायच्या आत गेली.

"तुम्ही त्या दिवशी नक्की काय केलंत?" सिस्टरनं विचारलं.

"या वॉर्डाची प्रत काढली. नाव नवं दिलं… आतले बेड हेच राहिले."

सिस्टरनं त्या पसरलेल्या गादीकडे पाहिलं.

"म्हणजे… तुम्हीच नेलंत तिला."

 साचेवाली जवळजवळ पळतच आपल्या खोलीत परत आली आणि जुना वॉर्ड प्रोग्राममधून मुळासकट काढून टाकला. फाइल नाहीशी झाली. पडद्यावरची ओळ मात्र गेली नाही. या कामात एक नियम असतो, तो ती नवशिक्यांना हौसेनं शिकवायची: जोवर कुणीतरी एखाद्या ऑब्जेक्टला धरून आहे, तोवर ते पुसलं जात नाही. सगळ्यांनी सोडलं की आपोआप जातं. तिनं प्रोग्रामलाच विचारलं, तो जुना बेड कुणी धरलाय? उत्तर लगेच आलं. नवा वॉर्ड, शेवटचा बेड. जो तिनं नुकताच, स्वतःच्या हातानं, साच्यातून कोरा पाडला होता.

ती वर धावली. आई जागी होती, शांत. उजवा हात पांघरुणावर, मूठ अर्धवट वळलेली, दुसऱ्याच्या हातात हात असावा तशी. मनगटावर चार लांबट पांढरे ठसे होते.

"आई, सोड तो हात… सोड म्हणते ना."

"मी कुठं धरलाय गं," आई हळूच म्हणाली. "तिनं धरलाय."

तेव्हा मात्र साचेवालीला रडू कोसळलं. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता. अर्धा दिवस वाचवायला गेली आणि आईच्या गळ्यात काय बांधून ठेवलं! तिनं आईचा बेड बदलून मागितला, तर एव्हाना वॉर्ड भरून गेलेला, रिकामा बेड नाही. बेड प्रोग्राममधून उडवावा, तर आईचे ठोके कोण बघणार? एकच वाट होती. डिस्चार्ज मिळाला की प्रोग्राम तो बेड स्वतःच रिकामा करतो, धरलेलं सगळं सोडून देतो. तोवर आईला जपायचं. ती खुर्ची टाकून आईच्या डाव्या बाजूला बसून राहिली आणि तिचा मोकळा हात तिनं एकदाही सोडला नाही. आई अधूनमधून कुणाला तरी दटावायची, अगं, जरा दमानं.

अखेर डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. बेड रिकामा झाल्याची नोंद झाली, तशी साचेवालीनं पुन्हा एकदा विचारलं, जुना बेड कुणी धरलाय? कुणीही नाही. सिस्टरच्या पडद्यावर ती मंद ओळ थबकली, एकदा उमटली, आणि गेली. दोघींचा जीव भांड्यात पडला. सिस्टरसारखी सिस्टर, तिनंसुद्धा पदरानं डोळे टिपले.

दारात टॅक्सी उभी होती. साचेवालीनं आईला मागच्या सीटवर बसवलं, पिशव्या डिकीत टाकल्या आणि औषधांची पिशवी मांडीवर घेऊन स्वतः पुढे बसली. गाडी फाटकाबाहेर पडली. किती दिवसांनी मोकळा वारा लागत होता. घरी गेल्यावर काय काय करायचं हे ती भराभरा सांगत सुटली आणि बोलता बोलता तिनं वरच्या आरशात पाहिलं.

आई अगदी दाराला खेटून बसली होती, खांदा काचेवर दाबला गेलेला.

"आई, नीट ऐसपैस बस ना. अख्खी सीट मोकळी आहे."

"मोकळी कुठंय…" आई म्हणाली, आणि मग शेजारी वळून, आजाऱ्याची समजूत घालावी तशा आवाजात, "आलंच हं घर."

टॅक्सीवाल्यानं आरशात एकदा पाहिलं, आणि मागची दुसरी काच वर घेतली. साचेवालीनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, की त्या मावशींना गारठा लागत असेल, अंगावर काहीच नाही त्यांच्या.

आईनं तर शाल पांघरली होती.