साय सीची कळ

इंग्लंडात, लीड्समधल्या त्या म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये रंभाबाईचं काम साधं होतं. कपडे धुवायचे, घड्या घालायच्या आणि ज्याचे त्याच्या खोलीत नेऊन ठेवायचे. त्या दिवशीही ती फुंगआजीचं लोकरी जाकीट घेऊन निघाली होती. डिसेंबरची दुपार. चहाची वेळ झाली तोवर बाहेर काळोख उतरला होता. कॉरिडॉरमध्ये उकडलेल्या कोबीचा वास आणि हीटरच्या पाइपांची टक्... टक्.

फुंगआजी मूळची हाँगकाँगची. जन्मभर इथं टेकअवे, म्हणजे जेवण बांधून द्यायचं दुकान चालवलं, गोऱ्यांशी इंग्रजीत भांडली, आणि म्हातारपणी सगळं इंग्रजी विसरून बसली. उरली फक्त एक खूण. हात छातीवर ठेवायचा, भुवया जवळ आणायच्या आणि बघत राहायचं. तिच्या पलंगाच्या वर रेशमावर काढलेलं चित्र टांगलेलं होतं. नदीकाठी उभी असलेली एक बाई, तिचाही हात छातीवर, तिच्याही भुवया अशाच जुळलेल्या. आजी दिवसभर त्या चित्राखाली बसून तेच करायची.

"म्हातारी हिरॉईन झालीय," रंभाबाई म्हणायची.

रंभाबाईची जीभ म्हणजे कोयता. शाळा कोपरगावात चौथीपर्यंत. रूप म्हणाल तर देवानं रागाच्या भरात घडवलेलं. दात पुढं, नाक बसकं, गालांवर वांग. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की कुणी हसायच्या आत आपणच हसवायचं, हे तिनं पोरवयातच ठरवून टाकलं. नकला करायची ती. मॅनेजरची चाल, डॉक्टरचं खाकरणं. पण सगळ्यात गाजलेली फुंगआजी. स्टाफरूममध्ये चहाचा मग खाली ठेवून रंभाबाई हात छातीवर न्यायची, भुवया जुळवायची, दात काढून विव्हळायची, आणि कल्याणी हसून हसून टेबलावर आडवी व्हायची. कल्याणी तिथली नर्स, नागपूरची.

"रंभाताई, बास हो! मरीन मी."

शिकलीसवरलेली पोरगी आपल्यामुळं हसते, गोऱ्या बायका टाळ्या देतात. आणखी काय पाहिजे माणसाला?

तर त्या दुपारी ती जाकीट घेऊन खोलीत शिरली आणि आजीनं तिचं मनगट धरलं. दुसरा हात छातीवर. भुवया नेहमीसारख्याच. पण कपाळावर घाम डवरलेला, ओठ जांभळे. खोलीत बामाचा वास होता, आणि त्या वासाखाली दुसराच कसलातरी... नदीच्या गाळासारखा.

रंभाबाई मनगट सोडवून पळत सुटली. स्टाफरूममध्ये सगळ्या चहाला बसलेल्या.

"कल्याणी, आजी..." दम लागला होता. पुढचा शब्द फुटेना. हात आपसूक छातीवर गेला.

खोली हसण्यानं फुटली.

"एक नंबर, ताई!"

"परत करून दाखव ना, लव्ह," एक गोरी म्हणाली.

तोंडात मराठी होती. समोर मराठी कळणारी पोरगी होती. 'अगं, खरंच दुखतंय तिला,' एवढंच म्हणायचं होतं. पण सगळे चेहरे तिच्याकडं लागले होते, उजळलेले. आणि रंभाबाईनं परत करून दाखवलं. दात काढून.

मग सांगितलं तिनं. दोघी खोलीत गेल्या तेव्हा आजीचा हात छातीवरून घसरून मांडीवर पडला होता.

त्या संध्याकाळी घरी भाकरी थापताना रंभाबाईच्या छातीत कळ आली. बारीक, थंड. तिनं पिठाचा हात तसाच छातीवर दाबला. समोर जेवत बसलेला हरिदास घास हातात धरून थांबला. लग्न झाल्यापासून या नवऱ्यानं तिच्याकडं धड पाहिलं नव्हतं.

"आज काय केलंस गं?"

"मेल्या, कळ आलीय छातीत! पाणी दे!"

तो हलला नाही. नुसता बघत राहिला. "किती... किती सुंदर दिसतेस," तो दबक्या आवाजात म्हणाला. ताटातलं कालवण निवलं, तव्यावरची भाकरी करपली, तरी तो बघतच होता.

खिडकीबाहेर अंधार होता. काचेत रंभाबाईनं स्वतःला पाहिलं. दात तेच, नाक तेच, पण त्या जुळलेल्या भुवयांखाली असं काही आलं होतं की तिची तिलाच नजर काढवेना. कळ गेली आणि चेहरा पूर्वीसारखा झाला. तेव्हा तिला वाईट वाटलं. कळ परत यावी असं वाटलं. आणि त्याचीच मग इतकी लाज वाटली, की तिनं पडदा ओढून ती काच झाकून टाकली.

आजी गेल्यावर तिची लेक जॅनिस खोली आवरायला आली. तिच्या मदतीला रंभाबाईला पाठवलं. कॉरिडॉरमध्ये कल्याणीनं तिचा दंड धरला.

"ताई, तोंडातून एक शब्द काढायचा नाही. माझी नोकरी जाईल. व्हिसा जाईल."

जॅनिस भिंतीवरचं चित्र उतरवत बोलत होती. कल्याणी मराठीत सांगत होती.

"ही साय सी. हजारो वर्षांपूर्वीची चीनमधली सुंदरी. ही नदीवर आली की मासे पोहायचं विसरून तळाला जायचे. हिला छातीचं दुखणं होतं. कळ आली की ही कपाळाला आठ्या घालायची, तेव्हा आणखीच सुंदर दिसायची. आणि..." कल्याणी थांबली.

"आणि काय?"

"एक शेजारीण होती. कुरूप. ती हिची नक्कल करत गावातून हिंडली. तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली."

जॅनिसनं चित्र पलंगावर ठेवलं आणि छातीला बोट लावून काहीतरी विचारलं. रंभाबाईचं इंग्रजी चहाच्या ट्रॉलीपुरतं होतं, टी, शुगर, सॉरी. पण हा प्रश्न तिला कळला. आईनं शेवटी कुणाला सांगितलं का? दुखतंय म्हणून?

"नो," कल्याणी म्हणाली. "शी वॉज पीसफुल."

"खोटं बोलते ही!" रंभाबाई कडाडली. "मला सांगितलं! मनगट धरून सांगितलं!"

जॅनिसला कळेना. इंग्रजी शब्द सापडेना. मग एकच वाट उरली. रंभाबाईनं हात छातीवर ठेवला. दात आत घेतले, चेहरा नीट केला. या खेपेला थट्टा नको होती, नुसतं खरं दाखवायचं होतं. भुवया जुळल्या, आणि कळ आली.

जॅनिसच्या हातातली पिशवी गळाली.

"पेन!" रंभाबाई ओरडली. "यूवर मम, पेन! मी, लाफ! ऑल लाफ! कल्याणी, सांग तिला... आणि डॉक्टरला बोलाव गं, ही नक्कल नाही..."

कल्याणी तोंड उघडं टाकून बघत होती. जॅनिसचे डोळे भरून आले होते, पण ते आईसाठी नव्हते. दारात बाकीच्या बायका जमल्या. कुणी पाऊल उचलेना. एकेकीचा चेहरा निवांत होत चालला होता. पाण्याच्या तळाशी चालल्यासारखा.

"ब्यूटिफुल..." दारातून कुणीतरी पुटपुटलं.

श्वास तोकडा पडत होता. गाळाचा वास नाकात चढला. पडू नये म्हणून रंभाबाईनं पलंगाचा कठडा धरला. दोन्ही हातांनी, घट्ट.

तरी छातीवरचा हात जागचा हलला नाही. तो तिचा नव्हता.