बिट्टीचा चीक

मंगळवार पेठेतले गणपतराव मोरबाळे सकाळी खोकल्यासाठी अडुळशाचा काढा प्यायले आणि दुपारच्या आत गेले. काढा उकळला होता त्यांच्या विधवा सुनेने, धोंडूबाईने. पोलीस तिला संध्याकाळी नेणार होते. शेजारच्या बयाबाईंनी त्याआधीच खाजगी तपासनीस नृसिंह सबनीस यांना गाठले.

सबनीसांनी गाळण्यातला चोथा काडीने पसरला. रुंद पानांत काही पाने निघाली अरुंद, सुरीच्या पात्यासारखी. परसात अडुळशाच्या कुंपणाला लागूनच बिट्टीचे, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचे झुडूप होते. त्यांनी अडुळशाचे पान मोडले. बोटे कोरडी राहिली. बिट्टीचे मोडले, तर पांढरा चीक ओघळला.

“दोन्ही बारमाही हिरवी. चुकून तोडली असतील,” त्यांचा मदतनीस बाळासो म्हणाला.

पण कुंपणाचे फाटे धोंडूबाईनेच लावले होते. डोळे मिटूनही पान ओळखेन, असे तिने सरळ सांगितले. बाळासोला वाईट वाटले. बाईने स्वतःची एकमेव सुटका बंद केली होती. पातेले चुलीवर ठेवून म्हशीची धार काढायला गेले होते, एवढेच ती पुढे बोलली.

बयाबाईंनी सांगितले, की गणपतराव शेत सुनेच्या नावे करणार होते. “आणि भावकीत कोडोलीला पोर झालंय. घराला सोयर. म्हणून ह्यांची देवपूजा माझ्याकडं हाय. फुलंबी माझ्याच दारातली.”

गणपतरावांचा धाकटा भाऊ कृष्णात दारापुढच्या सोप्यावर बसला होता. सदऱ्याच्या बाहीवर काळपट, चिकट डाग होते.

“हे कशाचे?”

“सकाळी देवाला बिट्टीची फुलं तोडली की, पावणं. रोजचंच काम माझं.”

सबनीसांनी मान डोलावली आणि सगळ्यांना सोप्यावर बोलावले.

“कृष्णातराव, रोज तोडत असाल. पण सोयरात तुमच्या हातचं फूल देवाला चालत नाही. पूजा बयाबाई करतात, फुलंही त्यांचीच. मग आज बिट्टीला हात लावलात तो कशासाठी? शेत तिच्या नावे होण्याआधी, ती गोठ्यात असताना पातेल्यात पानं टाकलीत ती तुम्ही.”

कृष्णात बयाबाईंकडे पाहत राहिला. मग डागाळलेली बाही त्याने मुठीत लपवली. पोलीस आले, ते त्याला घेऊन गेले.

“सुटलीस, पोरी,” बयाबाई म्हणाल्या.

धोंडूबाई जागची हलली नाही.

“आज लई कडू लागतंय, म्हणालं मामंजी. वाटी खाली ठेवलीवती त्यांनी,” ती म्हणाली. “मीच परत हातात दिली.”