पाठमोरी रांग

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, ही गोष्ट सुतक्याने आजवर शंभर माणसांना तरी समजावून सांगितली असेल, आणि शंभरही जणांनी ऐकून घेऊन शेवटी "पण तू एकदा काळा टाकून तर बघ" असंच म्हटलं होतं.

काळा म्हणजे न टाकलेला उजेड. जिथे काळं हवं तिथे प्रोजेक्टर नुसता गप्प बसतो, आणि मग मागे जे काही असेल ते दिसतंच. हे सांगताना सुतक्याचा चेहरा नुकतंच कुणाला तरी पोचवून आल्यासारखा असायचा. विनोद करतानाही तसाच. म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलं, आणि ते बघता बघता घरापर्यंत पोचलं. आता सख्खी बहीणही दुसरं नाव घेत नव्हती.

काम होतं शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकात. तिथल्या रस्त्यांवर संध्याकाळी गाड्या बंद आणि माणसं सुरू. तीन कोपऱ्यांवर तीन बँड, एकाचं दुसऱ्याला ऐकू येणार नाही याची तिघेही काळजी घेत. मध्ये रंग बदलणारं कारंजं, त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढणारे लोक, आणि चौथ्या बाजूला वर्षानुवर्षं बंद पडलेली एक फिकट, उंच इमारत. खालच्या मजल्यांना खिडक्या, वरचा मजला मात्र ताटासारखा सपाट. या इमारतीच्या तोंडावर सुतक्या उजेडाचा खेळ करणार होता, आणि खाली मांडवात बँड वाजवणार होता. कंत्राट दाजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं. गाणार ताई.

ताई गाणार, हीच खरी गोष्ट होती; बाकी सगळी रोषणाई. घशाची शस्त्रक्रिया झाल्यापासून ती गायली नव्हती. आवाज परत येईल असं डॉक्टर म्हणाले होते. कुणाचा येईल ते सांगितलं नव्हतं. तो हळूहळू आला, आणि तिचाच आला. पण घरात भाजी चिरताना गुणगुणणं वेगळं आणि चौकात गाणं वेगळं. "या वेळी जमलं नाही तर मी पुन्हा विचारणार नाही, स्वतःलासुद्धा," असं ती एकदाच म्हणाली होती.

पहिल्या तालमीला सुतक्याने इमारतीच्या सगळ्या खिडक्या मोजूनमापून झाकल्या, चित्र लावलं आणि वर बघितलं. वरच्या सपाट भिंतीत एक पिवळट खिडकी दिसत होती.

"दाजी, वरच्या मजल्याला खिडकी आहे?"

"नाही."

"दिसतेय."

"मग काळी कर."

सुतक्याने डोळे मिटले. उघडले. प्रोजेक्टर बंद केला. खिडकी तशीच. म्हणजे उजेड आतून होता. तो तडक इमारतीच्या बाजूच्या दाराशी गेला. तिथे पंखा आणि रेडिओ घेऊन बसलेल्या रखवालदाराला सगळा चौक मामा म्हणायचा.

"मामा, वर दिवा कुणी लावलाय? खिडकीतून दिसतोय."

"वर खिडकी असती," मामा म्हणाला, "तर मी इथे उकाड्यात कशाला बसलो असतो?"

बिनतोड मुद्दा होता. सुतक्या परत आला तर चौकातले दुकानदार, ज्यांच्या पैशावर हा सगळा खेळ होता, वर बघून माना डोलवत होते. "ती खिडकीची आयडिया झकास हं! तेवढी ठेवा." दाजींनी लगेच "खास तुमच्यासाठी" म्हणून टाकलं. आपल्या नसलेल्या कामाचं कौतुक ऐकण्यासारखा वैताग नाही, हे सुतक्याला त्या दिवशी कळलं.

त्याच तालमीत ताईचा स्कार्फ हरवला. मोरपंखी रंगाचा, गळ्यावरची खूण झाकायला ती कायम बांधायची तो. मांडव, गाडी, घर, सगळं पालथं घातलं. "तुझ्या टोपीखाली बघ," ताई म्हणाली, "तिथे काहीही सापडू शकतं." सुतक्याची काळी टोपी हा घरातला जुना विषय होता. ती खाली ठेवली तर आपली आपण उभी राहते, आणि धुतली तर विरघळेल, अशी ताईची ठाम समजूत होती.

दुसऱ्या दिवशी खिडकी जास्त ठळक होती. सुतक्याने चित्रीकरणवाल्याकडून लांब लेन्सचा कॅमेरा मागून घेतला आणि वर रोखला.

आत खुर्च्यांची एक रांग होती. रांगेत माणसं बसली होती. एक जाड वेणी, एक टक्कल, एक अंबाडा, एका म्हाताऱ्याचे खांदे. सगळे पाठमोरे. पलीकडून कसला तरी उजेड त्यांच्यावर पडत होता, कधी निळा, कधी हिरवा, आणि त्यांच्या केसांच्या कडा त्यात चमकत होत्या. काहीतरी बघत होती ती मंडळी. रंगून बघत होती.

सुतक्याला आधी भीती वाटलीच नाही. राग आला. महिनाभर मर मर मरून खेळ उभा करायचा, आणि यांनी फुकटची जागा पटकावून वर पाठ करून बसायचं! शिवाय पलीकडे बघण्यासारखं होतं काय? इमारतीच्या मागे दुसऱ्या इमारतीची आंधळी भिंत होती. दोन्हींमधून मांजर गेलं असतं, तेही पोट आत घेऊन.

खाली ताईने कडवं उचललं. मधेच वरच्या माणसांनी हात वर केले आणि टाळ्या वाजवल्या. आवाज जरा उशिरा आला, कोरडा, वाळलेल्या शेंगा खुळखुळाव्यात तसा. ताई अडखळली. बँड थांबला.

"काय झालं गं?" सुतक्याने विचारलं.

"ते जरा बंद करायला सांग ना," ताई म्हणाली. "पलीकडचं गाणं."

"कोपऱ्यावरच्या बँडचं?"

"छे. ते नाही." ती इमारतीकडे बघत होती. "छान म्हणतेय रे ती. माझ्याच पट्टीत. जाऊन ऐकून येऊ का जरा?"

"तालीम सोडून?"

"लांब नाहीये," ताई म्हणाली आणि मांडवाची पायरी उतरलीसुद्धा. दाजींनी हाताला धरून तिला परत आणलं. पाणी दिलं. उन्हाने झालं असेल म्हणाले. सूर्य केव्हाच मावळला होता.

सुतक्याने पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. रांगेत म्हाताऱ्याच्या शेजारची एक खुर्ची रिकामी होती, हे त्याला आता दिसलं. अगदी रिकामी नव्हती. मागून येणाऱ्याने बसू नये म्हणून रुमाल टाकून जागा धरतात, तसं तिच्या पाठीवर काहीतरी टाकलेलं होतं.

मोरपंखी रंगाचं.

काळं टाकता येत नाही. पण पांढरं येतं. सुतक्याने चित्र काढून टाकलं आणि प्रोजेक्टरचा सगळा उजेड, होता नव्हता तेवढा, त्या एका चौकोनावर फेकला.

रांगेतल्या पाठी ताठ झाल्या.

म्हाताऱ्याने सावकाश मान वळवली. एवढ्या उजेडात चेहरा असा दिसलाच नाही, नुसता पांढरा डाग. पण त्या डागासमोर त्याने एक बोट उभं धरलेलं स्पष्ट दिसलं. सिनेमात मागे कुणी बोलत असलं की वैतागून धरतात तसं.

चौक गप्प झाला. तिन्ही बँड, कारंजं, रडणारी पोरं, सगळं. एक श्वास घेऊन सोडावा एवढाच वेळ. मग सगळं पूर्ववत सुरू झालं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "काय शेवट केलाय राव!" कुणीतरी ओरडलं.

ताईचा आवाज मात्र सुरू झाला नाही. तिने तोंड उघडलं, मिटलं, गळ्याला हात लावला, आणि सुतक्याकडे अशी बघत राहिली की त्याने मान खाली घातली.

सकाळी डॉक्टरांनी घसा तपासला. सगळं ठणठणीत आहे म्हणाले. ताईने पाटीवर लिहावं तसं हवेत बोटाने काहीतरी लिहिलं, ते कुणालाच वाचता आलं नाही. खेळाचं उद्घाटन त्याच संध्याकाळी होतं. दाजी दुसरी गायिका शोधायला फोन लावत होते आणि प्रत्येक फोन ताईपासून लांब जाऊन करत होते.

सुतक्या उठला, चौकात गेला, मामाला खुर्चीतून उठवलं आणि किल्ल्या घ्यायला लावल्या.

"गुडघे दुखतात रे माझे," मामा प्रत्येक जिन्यावर म्हणाला. "काही नाहीये वर. उगाच धूळ."

खरंच धूळ होती. वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, चौकाच्या बाजूला अखंड भिंत, पलीकडेही अखंड भिंत. खिडकी नाही. खुर्च्या नाहीत. पण जमिनीवरच्या धुळीत खुर्च्यांच्या पायांचे ठसे होते, एका सरळ रांगेत, पलीकडच्या भिंतीकडे तोंड केल्यासारखे. त्यातल्या चार ठशांच्या मधोमध ताईचा स्कार्फ होता. नीट घडी घातलेला. त्यावर धुळीचा कण नव्हता.

सुतक्याने तो उचलला. हाताला जरासा कोमट लागला.

आता इथून गुपचूप खाली जायचं, एवढंच करायचं होतं. पण सुतक्याचा स्वभाव. घाबरला की याची जीभ चालायला लागायची. त्याने डोक्यावरची टोपी काढली, वाकून त्या चार ठशांच्या मधे ठेवली आणि भिंतीकडे बघून सुतकी चेहऱ्याने म्हणाला, "धरलेली जागा उचलतोय, राग मानू नका. ताईला नाही जमणार. हे आमच्या घरातर्फे."

टोपी आपली आपण उभी राहिली.

मामा हसला नाही. "चल," एवढंच म्हणाला आणि गुडघ्यांच्या मानाने फारच भराभर उतरला. जिना अर्धा झाल्यावर सुतक्याला वाटलं, आपण हे काय करून आलो? टोपी घेऊन येऊ या. तेवढ्यात वर कुणीतरी खुर्ची जराशी पुढे ओढल्यासारखा आवाज झाला. टोपी काही एवढी महाग नव्हती.

ताईने स्कार्फ गळ्याला बांधला. "कुठे सापडला रे?" तिने विचारलं, आणि विचारल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण विचारलं. दाजींच्या हातातला फोन चालूच राहिला. पलीकडून एक गायिका हॅलो हॅलो करत होती.

"गाडीत होता," सुतक्या म्हणाला. "सीटखाली."

"आणि तुझी टोपी?"

"धुवायला टाकलीय."

"हे मात्र खोटं," ताई म्हणाली.

त्या संध्याकाळी ताई गायली. कशी गायली ते सांगत बसण्यात अर्थ नाही. पहिल्या ओळीला कोपऱ्यावरचे तिन्ही बँड एकामागून एक आपणहून थांबले, एवढं पुरे. फोन वर धरलेल्या लोकांनी फोन खाली घेतले. दाजी मांडवाच्या खांबामागे जाऊन उगाच एक वायर तपासत उभे राहिले. दुकानदारांपैकी एक जण सुतक्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "पुढचं वर्षभर हेच ठेवायचं. खिडकीसकट."

सुतक्याने वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्याचं कामच वर बघण्याचं होतं.

खिडकी आज इतकी स्वच्छ होती की कॅमेरा लागला नाही. तीच रांग, त्याच पाठी, पलीकडचा तोच निळा-हिरवा उजेड. म्हाताऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर काळी टोपी उभी होती.

ताईने शेवटचं कडवं उचललं.

वर, रांगेच्या टोकाचा माणूस अर्धवट उठला. मग वेणी उठली. मग टक्कल. एकेक जण जागच्या जागी अंग चोरत होता, गुडघे आत घेत होता आणि पुन्हा बसत होता. खेळ सुरू झाल्यावर कुणी उशिरा येतो, वाकून, माफी मागत आपल्या खुर्चीकडे सरकतो, तेव्हा रांग त्याला वाट करून देते. तशी.

रांगेतून जाताना मात्र कुणीच दिसत नव्हतं.

म्हाताऱ्याने शेजारी हात नेऊन टोपी उचलली, झटकली आणि आपल्या मांडीवर घेतली. खुर्ची मोकळी झाली.

आणि ताईच्या आवाजाच्या मागून, तिच्याच पट्टीत, सुतक्याला पलीकडचं गाणं पहिल्यांदा ऐकू आलं.

खरंच, छान म्हणत होती ती.