थोरलीच्या पोटातलं पाणी

"काय दिसतंय? बोल की!" भोंगा ओरडला.

"काही नाही! ठणठणीत कोरडं!" ठिणगीचा आवाज गाडीच्या पोटाखालून आला. पाठोपाठ कोपरं घासत ती स्वतःही बाहेर आली. नाकाला काळं तेल, केसांत जळमटं आणि चेहरा अगदी रडवेला.

गाडी म्हणजे काही ऐरीगैरी गाडी नव्हे! अग्निशमन केंद्राची सगळ्यांत जुनी आगगाडी होती ती. रुळांवरची नव्हे, आग विझवणारी! कमरेएवढी चाकं, पितळी घंटा, दोन्ही बाजूंना शिड्या, आणि पुढे लांबलचक बॉनेटखाली सहा सिलिंडरचं अवाढव्य इंजिन. केंद्रातले लोक तिला 'थोरली' म्हणत. आजोबांनी उभी हयात तिच्या स्टिअरिंगमागे काढली होती. नातवंडांची टोपणनावंसुद्धा त्यांनी तिथलीच ठेवली. नात ठिणगी, तर पाळण्यात भोकाड पसरून अख्खी आळी जागी करणारा नातू भोंगा. मग थोरली बाद झाली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गंजत पडली.

सुट्टीला आलेली ही दोन भावंडं आणि शेजारचा शंकासुर आत्याच्या हाताखाली थोरलीचं इंजिन जिवंत करायला निघाली होती. शंकासुराचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवावं लागायचं, इतके प्रश्न तो विचारायचा.

आत्याने रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि कोरडं बोट सगळ्यांपुढे धरलं.

"काल संध्याकाळी काठोकाठ भरलं होतं," ती म्हणाली. "आज तिसऱ्यांदा गायब. खाली थेंब नाही. म्हणजे पाणी आतच जिरतंय. इंजिनाचा लोखंडी ब्लॉक तडकलाय, पोरांनो. संपलं सगळं."

"पण तडकेल कसा?" शंकासुराने विचारलं.

आत्या पायरीवर मटकन बसली. आत्याचं स्वतःचं गॅरेज होतं. भल्याभल्या ट्रकवाल्यांना ती ऐकवायची. पण आज ती आपल्याच तेलकट हातांकडे बघत होती.

"मी तडकवला," ती म्हणाली. "इंजिन जाम होतं. किती दिवस तेल पाजलं, सुटेना. मग मी आच दिली त्याला. सुटलं! मला इतका आनंद झाला, की लोखंड गरम असतानाच गार पाणी ओतलं. शिकाऊ पोरगासुद्धा असं करत नाही गं! बाबांची गाडी मी माझ्या हातांनी मारली."

भोंग्याने हळूच तिच्या हातातलं झाकण घेतलं आणि रेडिएटरवर बसवलं.

आजोबांना थोरली ऐकायची होती, नुसती बघायची नव्हती. त्यांचा उजवा कान कधीच गेला होता आणि डावा हळूहळू जात होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नस वाळत चालली आहे, उपाय नाही. त्या दिवशी घरी येऊन आजोबा एवढंच म्हणाले होते, "कान बंद व्हायच्या आत एकदा तिचा आवाज ऐकवा. मग खुशाल होऊ दे बंद."

"अहो बाई!" दारातून खणखणीत हाक आली. केंद्राचे मोठे साहेब! "किती दिवस चाललंय हे? रविवारी वर्धापनदिन आहे आपला!"

"साहेब, इंजिन..."

"इंजिनाचं काय घेऊन बसलात! गाडी फाटकाजवळ चौथऱ्यावर उभी करायचीय, पळवायची नाही! रंगारी रोज पहाटे येऊन बॉडी घासतोय, लाल रंग लागला की नवरीसारखी दिसेल. उद्या सकाळी क्रेन येईल, इंजिन उचलून भंगारात देऊ. गाडी हलकी होईल, चौथरा खचणार नाही. झालं!"

ठिणगीला वाटलं, आत्या आता साहेबांना फैलावर घेईल. पण आत्याने नुसती मान हलवली. आत्या आणि हरली?

ती तशीच घरी पळाली. आजोबा खिडकीपाशी पाठमोरे बसून बाहेर बघत होते. त्यांना सांगायचं तरी कसं? "आजोबा," तिने हाक मारली. उत्तर नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. "आजोबा!" ती जोरात ओरडली. त्या गडबडीत तिचा धक्का लागून फळीवरचं भलं मोठं पितळी झाकण खाली पडलं. असं दणाणलं, की शेजारच्या काकू "काय गं पडलं?" म्हणून विचारायला आल्या.

आजोबांची मानसुद्धा हलली नाही.

ठिणगी जागच्या जागी थिजली. झाकण जमिनीवर गरगर फिरत राहिलं, थांबलं, आणि आजोबा आपले बाहेर बघतच होते. गेला! दुसराही कान गेला! आपण इतके दिवस खटपट केली आणि वेळेत पोचलोच नाही. तिने झाकण उचलून फळीवर ठेवलं, तोंडात ओढणी कोंबली आणि मागच्या अंगणात जाऊन ढसाढसा रडली.

तिथे भोंग्याने तिला गाठलं. तिने त्याला आणि शंकासुराला सगळं सांगितलं. आजवर कधी न घडलेली गोष्ट घडली. भोंगा अगदी हळू आवाजात बोलला.

"मग आता कशाला करायचं? ऐकणार कोण?"

"मला काय विचारतोस!" ठिणगी खेकसली. "मला नाही माहीत! काहीच उपयोग नाही, कशाचाच नाही!"

मग शंकासुर चाचरत म्हणाला, "एक विचारू?"

"नको!"

"विचारतोच. आजोबांचं राहू दे. आत्या जन्मभर म्हणत राहील, मी माझ्या बाबांची गाडी मारली. पण पाणी आत गेलं असतं, तर इंजिनातलं तेल पांढरट व्हायला हवं ना? मी सकाळीच तेल मोजायची पट्टी काढून बघितली. काळंभोर आहे!"

ठिणगीने नाक पुसलं. "सिलिंडरमध्ये शिरून सायलेन्सरमधून बाहेर जात असेल."

"मग बघूया की! हँडल फिरवलं तर पाणी उडेल!"

साहेब जेवायला गेलेले बघून तिघं शेडमध्ये घुसली. इग्निशन बंद असल्याची खात्री करून भोंगा आणि शंकासुर पुढच्या हँडलला अक्षरशः लोंबकळले. ठिणगीने सायलेन्सरच्या तोंडाशी जुना कागद धरला. हँडल कुरकुरत एकदा फिरलं, दोनदा फिरलं. कागदावर काजळी उडाली. पण पाण्याचा टिपूसही नाही!

"आत जात नाही, खाली पडत नाही, मग जातं कुठे?" भोंगा धापा टाकत म्हणाला. "भूत पितं की काय?"

"भूत निळं पाणी प्यायलं, तर त्याची जीभ निळी होईल!" शंकासुर म्हणाला.

ठिणगी एकदम उठून उभी राहिली. "ए! तुझ्या शाळेच्या नाटकाला झगे रंगवले होते, त्या निळ्या रंगाच्या पुड्या उरल्यात ना तुझ्याकडे?"

"त्या? अगं, त्याने माझी बोटं पंधरा दिवस निळी होती!"

"तेच तर हवंय! पळ!"

संध्याकाळी त्यांनी रेडिएटर पुन्हा काठोकाठ भरला आणि दोन पुड्या आत रिकाम्या केल्या. आत्याला सांगितलं नाही. तिला खोटी आशा लावायची ठिणगीला भीती वाटत होती. तिला स्वतःलाही आशा अशी नव्हतीच. करायला दुसरं काही उरलं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेन त्यांच्या आधीच दारात उभी! आत्या खाली मान घालून इंजिनाचे बोल्ट सैल करायला पाना शोधत होती. ठिणगीने धावत जाऊन रेडिएटरचं झाकण उघडलं. रिकामा. वाकून खाली बघितलं. जमिनीवर निळा ठिपकासुद्धा नाही. संपलं. आता खरंच संपलं.

"चला, लावा साखळ्या!" साहेबांनी हुकूम सोडला.

"साहेब, एक शंका आहे!" शंकासुर आडवा आला. "साखळी तुटली तर?"

"नाही तुटणार."

"पण तुटलीच तर इंजिन कुणाच्या पायावर पडेल? तुमच्या की क्रेनवाल्याच्या? आणि रविवारी पाहुण्यांनी विचारलं, की बॉनेटखाली काय आहे, तर काय सांगायचं? आणि..."

"अरे, या पोराला कुणीतरी आवरा रे!"

तेवढ्यात गाडीच्या मागच्या बाजूने मोठ्याने करवादत रंगारी आला. "कुणी केला हा चावटपणा? आँ? पहाटेच्या अंधारात दिसलं नाही मला! सगळी पुट्टी निळी झाली! तासभर घासतोय, जाईल तर शपथ!" त्याने दोन्ही हात वर केले. कोपरांपर्यंत निळेशार!

"या गाडीत निळं पाणी कुणी भरलं?" तो गरजला.

ठिणगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत निघाला. "मी भरलं, काका! पण गाडीतलं पाणी तुम्ही कशाला काढलंत?"

"कशाला म्हणजे? घासताना पाणी नको? नळ तिकडे पार आवाराच्या टोकाला! इथे पुढे जाळीच्या बुडाशी छान तोटी आहे, बादली लावली की भरते. रोज तेच करतो मी!" रंगारी म्हणाला. मग सगळे आपल्याकडे असे का बघतायत हे न कळून तो जरा नरमला. "सांडत नाही हो एक थेंब! तोटी घट्ट बंद करतो, मागे घासलेलं सगळं फडक्याने टिपून घेतो. जुन्या गाडीतलं जुनं पाणी, कुणाला काय त्याचं?"

आत्याच्या हातातून पाना पडला.

"रोज?" तिने विचारलं. "माझ्या गाडीचं पाणी... रोज तुम्ही नेलंत?" आणि ती तिथेच बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तोंडावर हात धरून रडायला लागली. "तडकला नाही! नाही तडकला गं!"

"साहेब," भोंगा आपल्या मूळ आवाजात गरजला, "थोरली चालू होते! तासभर थांबा!"

साहेबांनी क्रेनकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. "तासभर," ते पुटपुटले.

शंकासुर आणि भोंग्याने नळापासून बादल्या वाहिल्या. ठिणगी पळत जाऊन आजोबांना घेऊन आली. आजोबांच्या कानांचं आत्याला अजून काही माहीत नव्हतं, आणि आता तिला थांबवायचं तरी कुठल्या तोंडाने? आजोबा काठी टेकत थोरलीच्या शेजारी, बॉनेटला खेटून उभे राहिले.

आत्याने हँडल मारलं. एकदा. दोनदा. काहीच नाही. तिसऱ्यांदा थोरली शिंकली, खोकली, आणि धडधडत सुरू झाली! शेडचे पत्रे थरथरले, आढ्यावरची कबुतरं उडाली, क्रेनवाल्याने कानांवर हात ठेवले. भोंगा नाचायला लागला!

आत्या घामेजल्या चेहऱ्याने आजोबांकडे वळली. आजोबा शांतपणे तिच्याकडे बघत होते.

"हं," ते म्हणाले. "कर की सुरू."

आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं. तिने ठिणगीकडे बघितलं. ठिणगीने मान खाली घातली. भोंगा नाचायचा थांबला.

आत्याने सुरू गाडीकडे बोट दाखवलं. आजोबांना कळलं. "झालीय होय?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं, हिचा तरी शिरेल कानात."

ठिणगीला आता राहवेना. तिने आजोबांचा हात धरला आणि बॉनेटवर ठेवला. आजोबांची बोटं आधी दचकली, मग पसरली. त्यांनी डोळे मिटले. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ठोका खातेय!" ते कडाडले. "पुढून तिसरा! काय गं, प्लगची वायर नीट बसवता येत नाही तुला?"

आत्याने बॉनेट उघडलं. तिसऱ्या प्लगची वायर खरंच सैल झाली होती! तिने इंजिन बंद करून ती घट्ट बसवली आणि पुन्हा हँडल मारलं. आजोबांनी पुन्हा हात टेकवला. आठ्या गेल्या. "आता बरोबर," ते म्हणाले, आणि आत्याने त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं.

साहेबांनी घसा साफ केला. "इंजिन गाडीतच राहील," ते ओशाळून म्हणाले. "चौथरा भक्कम बांधू. आणि पोरांनो, शाबास! आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही हे!" रंगाऱ्याने निळे हात पाठीमागे लपवले.

आत्याने आजोबांना खुणेनेच सारं समजावलं. रेडिएटर, बादली, निळे हात. आजोबा हसले. "आगीपाशी पोचलं की आमचा पहिला प्रश्न एकच असायचा. पाणी कुठाय?" ते म्हणाले. "पोरांनी बरोब्बर तोच विचारला!"

मग त्यांनी ठिणगीला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"काल झाकण पडलं ना, तेव्हा तू माझ्याकडे बघत उभी होतीस. खिडकीच्या काचेत दिसलीस मला. मला तुझ्या तोंडाकडे बघूनच कळलं काय झालं ते. पण आपल्याला कालच कळलं होतं, हे आत्याला बोलायचं नाही हं! तिला तेव्हा कळलं असतं, तर तिने गाडी अर्धवट सोडली असती. आपल्या दोघांतच राहू दे!"

आजोबांना वाटलं, आपण अगदी हळू कुजबुजलो. पण थोरलीच्या धडधडाटावर चढून तो आवाज आत्याला, साहेबांना, क्रेनवाल्याला, आवारातल्या सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेला. आत्याने पटकन पाठ फिरवली आणि उगाचच रेडिएटरचं झाकण तपासायला लागली.

ठिणगीने मान हलवली. बोटाने ओठांवर कुलूप लावून दाखवलं, आणि आजोबांच्या हाताशेजारी, थरथरत्या बॉनेटवर, आपलाही हात ठेवला.