तुझ्याकडे, माझ्याकडे

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी तिसऱ्यांदा नापास झाले, त्या दिवशी आमच्या कॅरी गावात पाऊस भुरभुरत होता.

परीक्षक बाई म्हणाल्या होत्या, "मेक अ लेफ्ट." आणि मी पूर्ण आत्मविश्वासाने उजवीकडे वळले. इंडिकेटर देऊन, आरशात बघून, सगळं कसं अगदी नियमात. दिशा तेवढी दुसरी होती. बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं आणि मला गाडी परत घ्यायला सांगितली.

ड्रायव्हिंग स्कूलचे सर पुढच्या विद्यार्थ्याला घेऊन गेले. मी डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्स ऑफिसच्या, दाराशी आडोशाला उभी राहून उबरची वाट बघत होते आणि फोनवर आईला सांगत होते, "हो गं, परत. नाही, कुणाला धडकले नाही... नुसतीच वळले."

वय एकोणतीस, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये आणि डावं-उजवं कळत नाही. कॅरीत गाडीवाचून माणूस साधं दूध आणायला जाऊ शकत नाही. दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांत बसून जगत होते, त्यांच्या वेळेने, त्यांच्या सोयीने. फोन ठेवला आणि डोळे भरूनच आले.

"हे घ्या," कुणीतरी मराठीत म्हणालं आणि कागदी नॅपकिनची घडी पुढे आली. "सॉरी, ऐकायचं नव्हतं. पण ऐकू आलं."

उंच, चष्मा, चष्म्यावर पावसाचे थेंब. तो हसत नव्हता, पण हसू दाबत होता, हे मला बरोबर कळलं.

"हसा. सगळेच हसतात," मी म्हटलं.

"नाही... नुसतीच वळले, हे आवडलं."

तेवढ्यात दार ढकलून एक आजोबा बाहेर आले. हातातला कागद त्यांनी झेंड्यासारखा उंच धरला होता. "संग्राम, मिळालं! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोळे तपासले माझे, आणि अजून पाच वर्षं दिली!" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "या कोण?"

"या तिसऱ्यांदा नापास झाल्यात," संग्राम म्हणाला.

अशी आमची ओळख झाली. आजोबा म्हणजे शशिकांत काका, निवृत्त डॉक्टर. पन्नास वर्षांपूर्वी या देशात आलेले. संग्राम त्यांच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहणारा, मूळचा सातारचा. नाव संग्राम आणि स्वभाव सगळा तहाचा. काकांनी माझी उबर कॅन्सल करायला लावली आणि नव्या लायसन्सच्या आनंदात मला स्वतः घरी सोडलं. तेही ताशी वीस मैलांनी.

मागच्या सीटवरून संग्राम मान पुढे काढून बघत होता. "तू डावखुरी आहेस?"

मी पुढच्या टेस्टच्या फॉर्मवर सही करत होते. "हो. म्हणूनच तर सगळा घोळ. लहानपणी सगळ्यांना सांगतात, जेवायचा हात तो उजवा. मी घरी डाव्या हाताने जेवायचे आणि पाहुण्यांसमोर उजव्या. त्यामुळे माझा उजवा हात कोण बघतंय यावर ठरायचा."

या वेळी मात्र तो मनापासून हसला. काकाही हसले आणि गाडी ताशी पंधरावर आली.

*

पुढच्या रविवारी तो मला शिकवायला आला. एका बंद पडलेल्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, स्वतःची गाडी माझ्या हातात देऊन. शूर तरी किंवा वेडा तरी.

"लेफ्ट," तो म्हणाला. मी राईट वळले.

"डावीकडे." मी परत उजवीकडे.

मग तो म्हणाला, "लेफ्ट-राईट सोड. तू इथे बसलीस, मी इथे. बरोबर? आता... तुझ्याकडे वळ."

मी माझ्या बाजूला वळले. डावीकडे!

"आता माझ्याकडे."

मी त्याच्याकडे वळले. गाडीसुद्धा वळली, बरोबर उजवीकडे.

"अरे!" मी ओरडलेच. "यार, हे इतकं सोपं होतं?"

"सोपं आहे," तो समोर बघत म्हणाला. "फक्त मी बाजूला बसायला हवं."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. माझे कान का तापले, ते मला त्या वेळी समजून घ्यायचं नव्हतं.

सहा रविवार गेले. तुझ्याकडे, माझ्याकडे, सरळ, थांब. टेस्टची चौथी तारीख मिळाली जूनची आणि त्याआधीच ऑफिसने मला आठवड्याभरासाठी अटलांटिकपलीकडे, सारायेव्होला पाठवायचं ठरवलं. आमची पाच जणांची टीम तिथे बसते. मी घाबरले. पण संग्रामचा चेहरा एकदम उजळला.

"मी राहिलोय तिथे चार महिने, जुन्या प्रोजेक्टवर! अगं, गाडी लागतच नाही. सगळं शहर पायी."

"पायीसुद्धा वळावं लागतंच ना? आणि गूगल मॅप्सची बाई लेफ्ट म्हणाली की संपलं माझं."

दुसऱ्या दिवशी त्याने मला एक कागद आणून दिला. हाताने काढलेला नकाशा. मधोमध नदी, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि बारीक, टापटीप अक्षरात आकडे घातलेल्या सूचना. लेफ्ट-राईट कुठेही नव्हतं. सगळीकडे 'तुझ्याकडे' आणि 'माझ्याकडे'.

"पण तू कुठे असणार आहेस तिथे?"

"समज ना," तो म्हणाला. "मी तुझ्या शेजारी चालतोय, गाडीत बसतो त्याच बाजूला." आणि मग घाईघाईने, "शुक्रवारी एअरपोर्टवर घ्यायला येतो."

*

हॉटेल लॅटिन पुलाजवळ होतं. ऑफिस सुटलं की मी नकाशा घेऊन बाहेर पडायचे. 'पूल ओलांडू नकोस. नदी माझ्याकडे ठेवून चालत राहा.' मी नदी त्याच्याकडे ठेवली. ट्राम खडखडत गेली, रस्त्याकडेच्या लिंडनच्या फुलांचा वास आला, आणि दहाव्या मिनिटाला खरंच ते लाकडी कारंजं आणि त्याच्याभोवतीची कबुतरं दिसली. 'इथे पाणी पी. कबुतरांना घाबरू नये, ती तुला घाबरत नाहीत.' पुढे, 'माझ्याकडे वळ. तांबट आळी लागेल. ठोकाठोक ऐकू आली की बरोबर आलीस. फक्त बघावे, घेऊ नये. मी घेतले, फसलो.' मी एकटीच गल्लीत उभी राहून हसले. एका तांबटाने हातोडी थांबवून माझ्याकडे बघितलं.

नकाशाच्या तळाशी ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'चुकलीस तर उतार धर. इथले सगळे उतार नदीला जातात.'

आणि मी चुकले, दोनदा. उतार धरला आणि दोन्ही वेळा नदीवर आले. काय सांगू, किती हलकं वाटलं! दोन वर्षांत पहिल्यांदाच मला कुठे जायचं तर कुणाची गाडी, कुणाची वेळ विचारावी लागत नव्हती. रस्ता विचारला तर लोक हात पुढे करून सांगायचे, "प्रावो, प्रावो." सरळ, सरळ. या शहराने जणू माझ्यासाठीच डावं-उजवं काढून टाकलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी फूटपाथवरच्या टेबलाशी कॉफी घेत बसले होते. तांब्याचं छोटं भांडं, सोबत गुलाबी मिठाईचा एक चौकोन. बाजूच्या टेबलावर पाचवा माणूस आला आणि त्याने माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीला हात घातला. "फ्री?"

"नो, नो," मी पटकन म्हणाले. "समवन इज कमिंग."

तो सॉरी म्हणून गेला. मी त्या खुर्चीकडे बघत राहिले. कोण येणार होतं? पर्स तर मी दुसऱ्या बाजूला ठेवली होती. आणि मग लक्षात आलं... दोन दिवस मी फूटपाथवरसुद्धा एका कडेने चालत होते. एका बाजूला एका माणसापुरती जागा सोडून.

कॉफी गार झाली. मी प्रेमात पडले होते, आणि ज्याच्या प्रेमात पडले तो आठ हजार किलोमीटर लांब होता.

बुधवारी सकाळी शशिकांत काकांचा मेसेज आला. 'बाळ, मजा करते आहेस ना? संग्राम टेक्सासला चालला म्हणून वाईट वाटतंय. शुगर लँडच्या कंपनीला शुक्रवारी पाचपर्यंत उत्तर द्यायचंय त्याला. तुला म्हणालाच असेल.'

तो म्हणाला नव्हता.

नकाशावर शेवटचा आकडा सात होता, डोंगरावर. 'पिवळा बुरूज. चढ आहे, पण सगळं दिसतं. इथे पोचलीस की मला फोन कर. काहीतरी विचारायचं आहे.' संध्याकाळी मी तो चढ जवळजवळ पळतच चढले. वर पोचले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. खाली लाल कौलं, मिनार, चर्चचे कळस, आणि मधून नदी. मी फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

मग व्हॉइस मेसेजचं बटण दाबलं. धाप लागली होती, आणि कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"संग्राम... शुगर लँडला जाऊ नकोस. म्हणजे, तुझं करिअर आहे, मला कळतं... पण मला उजवीकडे कुठे ते अजूनही कळत नाही रे. तू असतोस ती बाजू उजवी, एवढंच कळतं. बस. एवढंच."

एक टिक आली. दुसरी आलीच नाही. रात्रभर नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारी विमानात बसेपर्यंत नाही. काकांना विचारायची हिंमत झाली नाही. समजा ते म्हणाले असते, की तो घर बघायला गेलाय शुगर लँडला...

*

कॅरीजवळच्या रॅली शहराच्या एअरपोर्टवर चार वाजता उतरले. तो येणार नाही, असं मी अटलांटिक ओलांडताना स्वतःला बजावलं होतं. उबरचं ॲप उघडूनच बाहेर आले.

तो खांबाला टेकून उभा होता. मला बघितलं आणि चष्मा काढून उगाचच पुसायला लागला.

"तू... आलास?"

"म्हणजे काय? सांगितलं होतं ना. बॅग दे." मग जरा थांबून, "तू फोन केला नाहीस."

"मी? मी फोन केला नाही? अरे, तुझा फोन बंद होता!"

"सोमवारी रात्री तळ्यात पडला, काकांना बदकं दाखवताना. तेव्हापासून तांदळाच्या डब्यात होता. पण मी रोज वाट बघत होतो... तू ऑफिसच्या मेलवर लिहिशील म्हणून. नाही लिहिलंस." तो बॅगेच्या चाकांकडे बघत म्हणाला, "मग म्हटलं, बुरुजावर गेलीच नसशील. किंवा गेलीस आणि..."

तळ्यात! दोन रात्री मी जागून काढल्या, आणि फोन तळ्यात! मला रडावं की त्याला मारावं, कळेना.

पार्किंगमध्ये त्याने नेहमीसारखी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः त्याच्या बाजूला बसला. डॅशबोर्डवर चार चाळीस झाले होते.

"काही मेसेज केला होतास का?" त्याने विचारलं.

माझा फोन मांडीवर होता. ती एक टिक तशीच होती. मेसेजवर बोट दाबून धरलं तर तो पुसता येत होता, कायमचा, आत काय होतं ते कुणालाही न कळता. मी बोट ठेवलंसुद्धा. मग त्या रिकाम्या खुर्चीची आठवण झाली.

मी प्ले दाबलं.

माझीच धाप, माझंच कुत्रं, माझंच 'एवढंच'. गाडीत ते केवढ्याने ऐकू आलं! मी स्टिअरिंगकडे बघत बसले. चार बेचाळीस.

"तुझा फोन दे," तो म्हणाला.

"कशाला?"

"मेल करायचाय. शुगर लँडला. अठरा मिनिटं आहेत." त्याचा पासवर्ड दोनदा चुकला. "मी ठरवलं होतं, तू काही बोलली नाहीस तर हो म्हणायचं. इथे राहून नुसतं तुझ्या शेजारी बसणं... जमलं नसतं मला."

"काय विचारणार होतास? बुरुजावर?"

"हेच. मी जाऊ का राहू."

"एवढं विचारायला मला डोंगर चढायला लावलास?"

"तिथून सगळं नीट दिसतं, म्हणून," तो म्हणाला, आणि सेंडचं बटण दाबलं.

मी इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या काचेवर वाफ धरली. तो हसायला लागला. मीही. बुधवारपासून छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं आणि मला फार भूक लागली.

"जेवलास?"

"काकांनी भात टाकलाय माझ्या घरी. वाट बघतायत."

"त्याच तांदळाचा? फोनच्या?"

"फोन काढून ठेवलाय गं."

मी गाडी सुरू केली. पार्किंगच्या तोंडाशी रस्ता दोन्हीकडे फुटत होता. एकीकडे माझं घर, एकीकडे त्याचं. मी ब्रेकवर पाय ठेवून त्याच्याकडे बघितलं. चष्म्यावर पुन्हा थेंब होते, पण आज पाऊस नव्हता.

"कुठे वळू?"

"माझ्याकडे," तो म्हणाला.

मी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि बरोबर वळले.