स्वस्तातली चार पेनं

"मी सही करणार नाही," ती बाई दारातूनच म्हणाली. "हे आधी सांगते, मग बसते."

"उभं राहून कुणी सही करतही नाही," सासूबाई म्हणाल्या. "बसा."

सासूबाई म्हणजे कुणाच्या, हे सांगायला हवं. शेजारी वही उघडून बसलेल्या जावयाच्या. पंचवीस वर्षं त्यांनी टपालखात्यात पत्ता न लागणारी पत्रं वाचली होती. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीला खासगी तपासाची पाटी लावली. 'आईला एकटीला पाठवू नका,' असं मुलीने नवऱ्याला बजावलं आणि तेव्हापासून येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांना सासूबाईच म्हणू लागला. जावई सरळ माणूस. लिहायचा भराभर, विचाराला मात्र सवड लागायची.

आलेली बाई पन्नाशीची होती. रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत एकोणीस वर्षं ती बॉयलर सांभाळत होती. बुधवारी अडीच वाजता वाफेचा दाब वाढला, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडलाच नाही आणि इस्त्रीच्या मशीनजवळचा पाइपचा जोड फुटला. मशीनवर तिची सख्खी भाची होती. पोरीचे दोन्ही हात कोपरापासून भाजले.

"बहिणीने मला काल दवाखान्याच्या दारातून परत पाठवलं," बाई म्हणाली. "म्हणाली, मॅनेजरने तुझ्याच हातचं लिहिलेलं दाखवलं मला. आज तीन वाजता चौकशी आहे. चूक कबूल करा, प्रकरण मिटवतो, असं मॅनेजर म्हणतो. परवाना गेला तर गेला. पण भाचीने जन्मभर माझ्याकडे तसं बघायचं? सही नाही करणार."

तिने बॉयलरच्या दर तासाच्या नोंदींचे दोन तक्ते टेबलावर ठेवले. एक मंगळवारचा, एक बुधवारच्या तक्त्याची मूळ प्रत. ती तिने मॅनेजरच्या टेबलावरून सरळ उचलून आणली होती. बुधवारी अकराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सेफ्टी व्हॉल्व्ह तपासला. ठीक.'

"मी लिहिलं होतं ते वेगळं. अकरा वाजता, व्हॉल्व्ह चिकटतोय, फिटरला सांगितलं. बारा वाजता, स्टोअरकडे नवी स्प्रिंग मागितली, नाही म्हणाले. एक वाजता, वाफ उतरवू का विचारलं, मॅनेजर नको म्हणाले."

"म्हणजे तिघांचाही उद्धार," सासूबाई म्हणाल्या.

"पण अक्षर तर तुमचंच दिसतंय," जावई म्हणाला.

"वळण माझंच. आम्ही चौघं असंच लिहितो, मीच शिकवलं. पूर्वी एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला कळायचं नाही, साताचा एक व्हायचा. वाफेच्या कामात असं चालतं होय? मग चार शाईपेनं आणली, स्वस्तातली, एकाच जातीची. निबचं टोक बाजारातून गोल येतं. मी ते दगडावर घासून चपटं करते. मग उभी रेघ जाड येते, आडवी बारीक, आणि अक्षर वाचता येतं. मोठ्या दुकानात अशाच पेनाला इटॅलिक म्हणतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. आम्ही खिशात ठेवतो."

"चारही सारखीच घासलीत?"

बाईला राग आला. "सारखी कशी? हात बघून घासावं लागतं. माझ्या निबचे कोपरे धारदार. दाबून लिहिणाऱ्याला तशी दिली तर कागद फाडेल, त्याचे कोपरे गोल करते. कुणाला उतार इकडून लागतो, कुणाला तिकडून. बाहेरून ओळखायला टोप्या तेवढ्या वेगळ्या. माझी काळी, फिटरची लाल, स्टोअरची हिरवी, मॅनेजरची निळी."

सासूबाईंनी भिंग काढलं. मंगळवारच्या तक्त्यावर सकाळच्या रेघा कोरड्या, नाजूक होत्या. दुपारच्या भरदार झाल्या होत्या आणि दोनच्या रकान्यात तर शाईचा थेंबच पडला होता.

"दुपारी शाई का सुटते?"

"बॉयलरच्या धगीने. पेन तापलं की शाई जास्त उतरते. रोजचंच आहे."

सासूबाईंनी बुधवारचा तक्ता बराच वेळ पाहिला. "तुमचं पेन बुधवारी कुठे होतं?"

"माझ्याजवळ. भाचीबरोबर गाडीत चढले तेव्हाही खिशातच होतं. तक्ता मात्र बॉयलरपाशीच खिळ्याला राहिला. मॅनेजरने तो कपाटात घातला पाच वाजता, असं तो सांगतो."

"जावईबापू, गाडी काढा," सासूबाई म्हणाल्या.

फिटर लाँड्रीच्या वर्कशॉपमध्ये पान्यांचा खण आवरत होता. लाल टोपीचं पेन त्याच खणात, पान्यांच्या शेजारी पडलेलं. खणाला कुलूप नव्हतं.

"व्हॉल्व्ह चिकटतोय, असं तुम्हाला अकरा वाजता सांगितलं होतं?"

"मला काही आठवत नाही," तो खाली बघत म्हणाला. "घरी दोन लहान पोरं आहेत, एवढं आठवतं."

"अडीचनंतर कुठे होतात?"

"पाइप बंद केले. मग इथे होतो, मागे अंगणात होतो. एकटाच."

सासूबाईंनी वही पुढे केली. "एक ओळ लिहा. काहीही."

त्याने डाव्या हातात पेन धरलं. निब खरखरली, रेघ मध्येच तुटली. त्याने पेन झटकलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. "गुरुवारपासून असं करतंय. बाईंना दाखवलं असतं, पण आता कुठल्या तोंडाने दाखवू?"

जावयाने सहज पेन हातात घेतलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. पेन सुरेख चाललं. उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक, कोपरे मऊ. त्याने हळूच बुधवारचा तक्ता शेजारी धरला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

बाहेर येताच तो कुजबुजला, "आई, सापडला! बाईंच्या मंगळवारच्या रेघा कोपऱ्यांना धारदार आहेत. बुधवारच्या मऊ. अगदी या पेनासारख्या!"

"शाबास. तसंच लिहून ठेवा. आणि ते तुमच्या हातात छान चाललं, हेही लिहा."

"त्यात काय लिहायचं?"

"लिहा हो."

स्टोअरवाला बरण्यांवर नावं चिकटवत होता. त्याच्या हिरव्या टोपीच्या पेनाची रेघ नखाएवढी रुंद, लांबून वाचता यावी म्हणून मुद्दाम तशी घासलेली.

"स्प्रिंग नव्हती?" सासूबाईंनी विचारलं.

"नव्हती. तीनदा मागणी पाठवली, तीनदा मॅनेजरसाहेबांनी परत पाठवली. मालकांचे मेहुणे आहेत, त्यांच्याशी वाद कोण घालणार?" मग आवाज उतरवून म्हणाला, "पोरीला गाडीत मीच उचलून ठेवलं. सहापर्यंत तिच्या आईशेजारी बाकावर बसलो होतो. झोप लागत नाही तेव्हापासून."

मॅनेजरची खोली थंडगार होती. निळ्या टोपीचं पेन कोटाच्या खिशात.

"पेनांचा हा उद्योग त्या बाईचाच," तो हसला. "मन राखायला वापरतो झालं. स्वस्तातली पेनं, सगळी एकसारखीच."

"एक ओळ लिहाल?"

त्याने उजव्या हाताने इतकं दाबून लिहिलं की खालच्या पानावर वळ उठले. तरीही रेघ जागोजाग तुटली. जावयाने लिहून पाहिलं, त्याच्याही हातात खरखरलं.

"स्वस्तातलं म्हटलं ना, असंच चालायचं," मॅनेजर म्हणाला.

ट्रेमध्ये त्याच्या शेऱ्यांच्या चिठ्ठ्या होत्या. सासूबाईंनी मंगळवारची एक मागून घेतली. जावयाला वाटलं, उगाच वेळ काढतायत.

तीन वाजता त्याच खोलीत सगळे जमले. सरकारी निरीक्षक टेबलामागे बसला होता. फिटर आणि स्टोअरवाला भिंतीला टेकून उभे होते. बॉयलरवाली खिडकीपाशी होती आणि तिची बहीण मुद्दाम तिच्यापासून लांबच्या खुर्चीवर.

मॅनेजरने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "नजरचुकीने व्हॉल्व्ह तपासायचा राहिला, एवढंच लिहिलंय. सही करा, विषय संपवू."

"नाही," बॉयलरवाली म्हणाली.

"अहो, पुरावा..."

"नाही म्हटलं ना एकदा!"

"पुराव्याचं मी बघते," सासूबाई उठल्या. त्यांनी दोन्ही तक्ते निरीक्षकापुढे ठेवले. "साहेब, मंगळवारचा तक्ता बघा. सकाळी कोरडी रेघ, दुपारी ओली, शेवटी थेंब. बॉयलरशेजारी तासातासाला लिहिलं की असंच होतं. बुधवारी आठपासून दोनपर्यंत शाई एकसारखी. हा तक्ता कुणीतरी गार खोलीत एका बैठकीत लिहिलाय."

"ते बाईंनीही केलं असेल," निरीक्षक म्हणाला.

"केलं असतं तर कोपरे धारदार आले असते. हे मऊ आहेत. बाईंची निब नव्हे ही. स्टोअरवाल्यांची फार रुंद. शिवाय ते दवाखान्यात होते."

"माझ्याच शेजारी बसले होते सहापर्यंत," बहीण नाइलाजाने म्हणाली.

"राहिले दोघं. फिटरच्या लाल टोपीच्या पेनाची रेघ या तक्त्याशी तंतोतंत जुळते."

फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. जावई खुर्चीत ताठ झाला.

"पण फिटर डावखुरा आहे. बाई, त्याची निब कशी घासली होती?"

"उलट्या उताराने. उजव्या हाताला ती चालणारच नाही, खरखरेल."

"आमच्या जावयांचा हात उजवा. त्यांच्या हातात लाल टोपीचं पेन सुरेख चाललं, आणि ज्याचं आहे त्याच्या हातात चालेना. इकडे निळ्या टोपीचं पेन मॅनेजरसाहेबांच्या उजव्या हातात तुटत होतं, जावयांच्याही. जावईबापू, याचा अर्थ काय?"

जावयाने वहीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "टोप्या... टोप्या बदलल्यात! ह्याचं पेन त्याच्याकडे गेलंय!"

"आणि ही मॅनेजरसाहेबांची मंगळवारची चिठ्ठी. उभी रेघ जाड, कोपरे मऊ, आणि रेघ कुठेही तुटलेली नाही. मंगळवारपर्यंत पेन उत्तम चालत होतं."

"फिटरनेच माझं पेन घेऊन लिहिलं असेल!" मॅनेजर ओरडला.

"डाव्या हाताने तुमच्या निबने लिहिलं असतं तर प्रत्येक ओळ तुटली असती. या तक्त्यावर एकही तुटलेली नाही. शिवाय तुम्हाला अडकवायचं असतं तर त्याने ते पेन तुमच्याच खिशात परत ठेवलं असतं. स्वतःच्या खणात कशाला ठेवील? तुम्ही खरा तक्ता फाडला, गार खोलीत बसून नवा लिहिलात. उद्या कुणी रेघा जुळवल्याच तर फिटर सापडावा, म्हणून आपलं पेन लाल टोपी लावून त्याच्या उघड्या खणात टाकलंत आणि त्याचं उचलून आपली टोपी लावलीत. तुमच्या लेखी स्वस्तातली पेनं सगळी सारखीच. ज्या बाईने तुमचा हात बघून निब घासली, तिचं काम तुम्ही कधी पाहिलंच नाही."

भिंतीपासून पुढे येऊन फिटर म्हणाला, "साहेब, लिहून घ्या. अकरा वाजता बाईंनी मला सांगितलं होतं. यांनी मला गप्प बसायला सांगितलं. नोकरी जायची तर जाऊ दे आता."

निरीक्षकाने लाल आणि निळ्या टोपीची दोन्ही पेनं कागदात गुंडाळली. टाइप केलेला कागद त्याने बॉयलरवालीसमोरून उचलला. "बाई, तुम्ही सुटलात. आता कशावर सही नको."

जावयाला वाटलं, आता दोघी बहिणी गळ्यात पडतील. बहीण उठली खरी, पण जागेवरूनच तिने विचारलं. "एक वाजता तुला माहीत होतं ना? व्हॉल्व्ह चिकटतोय हे ठाऊक होतं. तो नको म्हणाला आणि तू वाफ चालू ठेवलीस. दीड तास."

निरीक्षक समजुतीने म्हणाला, "हुकूम वरून होता, त्यांचा दोष नाही."

"आहे," बॉयलरवाली म्हणाली. "मला एक कोरा कागद द्या."

"गरज नाही बाई. परवान्याला धक्का लागेल उगाच."

"लागू दे. यांनी लिहिलेल्या खोट्यावर सही केली नाही मी. म्हणून काय खरं गिळून बसू?"

ती टेबलाशी उभ्यानेच लिहू लागली. जाड उभ्या रेघा, बारीक आडव्या, धारदार कोपरे. लांबूनही वाचता येत होतं. 'मी तीन वेळा सांगितले. कुणी ऐकले नाही. बॉयलर बंद करणे माझ्या हातात होते. मी केला नाही. तेवढी चूक माझी आहे.' खाली तिने सही केली.

बहिणीने कागद घेतला. दोनदा वाचला, निरीक्षकाकडे दिला आणि पदराने डोळे पुसले.

"चल," ती म्हणाली. "हे तिला तूच सांग. पट्ट्या बांधल्यात, कागद धरता येणार नाही तिला. तोंडाने सांग."